आण्णांच्या लाऊडस्पीकरच्या रेकॉर्डी, कॅसेटी, सीडी : भाव कसा ठरवायचा?

पारोळ्याची_लेक

नमस्कार मंडळी. माहेर पारोळा तालुक्यात, सध्या राहते नाशिकला. आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न, जाऊळ, गणपती, तमाशाचा फड, निवडणुकीची जीप, काहीही असो, पंचक्रोशीत कर्णे आमचेच वाजायचे. आण्णा गेले त्याला बरीच वर्षं झाली. आता भाऊ धाब्याचं (मातीच्या छताचं) जुनं घर पाडून स्लॅब टाकतोय, म्हणून सगळं सामान बाहेर निघालं.

निघालं ते असं. लाकडी खोक्यात त्या जाड, जड, एका बाजूला एकच गाणं असलेल्या रेकॉर्डी शंभरावर. मोठ्या, बरीच गाणी मावणाऱ्या एलपी साठ-पासष्ट, छोट्या चाळीसेक. एक गोणी भरून कॅसेटी. शिवाय भावाने नंतर धंदा चालवला त्या काळातल्या सीडी आणि एमपीथ्री सीडी. एलपी दोन ठिकाणी होत्या. धाब्याच्या खोलीतल्या सरळ आहेत, मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्यांना काठाला लाटा आल्यात. बहुतेक लेबलांवर आण्णांनी ऑइलपेंटने नाव आणि नंबर टाकलेला आहे, कारण दुसरे लाऊडस्पीकरवाले मागून न्यायचे आणि परत द्यायचे नाहीत.

भंगारवाला सगळं किलोवर न्यायला तयार आहे. जळगावचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन बघून गेला, सरसकट चार हजार म्हणाला. नेटवर मात्र नुसत्या ‘शोले’ची रेकॉर्ड आठ हजाराला दिसते, आणि ती आमच्याकडे आहे! वहिनी म्हणते चार तर चार, घर मोकळं करा. भावाला पैशांची निकड नाही, पण आण्णांच्या वस्तूंना कोणी फसवून नेलं असं व्हायला नको. जाणकारांनी सांगा, चार हजार बरोबर आहेत का? आणि या वस्तूंचा भाव ठरतो तरी कशावर?

चोपडा_एक्सप्रेस

ताई, भंगारमा देऊ नका बरं!! आणि चार हजार म्हणजे सरळ लूट शे. ‘शोले’ आहे म्हणजे लॉटरीच लागली समजा. जाड रेकॉर्डी तर अँटिक, एकेक हजाराला जातील. शंभर रेकॉर्डी म्हणजे लाखाचा माल. फोटो काढून टाका जाहिरातीत, मुंबईवाले रांग लावतील. जळगाववाल्याला सांगा, चहा पिऊन जा भो.

भुसावळ_जंक्शन

ताई, चोपड्याच्या भाऊंचं ऐकून आकडे मनात धरू नका. (भाऊ, राग नसावा.) मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. नोकरीत असल्यापासून रेकॉर्डी जमवतो. विकत नाही, फक्त घेतो, तेव्हा माझं बोलणं घेणाऱ्याच्या बाजूचं आहे हे धरूनच वाचा.

जाहिरातीतला आकडा म्हणजे मागणाऱ्याची इच्छा. तो आठ हजारवाला ‘शोले’ मी कितीतरी महिने तिथेच पाहतोय, कोणी नेलेला नाही. बघायचा असतो तो सौदा झालेला भाव. डिस्कॉग्ज नावाची साइट आहे, तिथे रेकॉर्डच्या पानावर आजवर कमीत कमी कितीला गेली, मधला भाव काय, जास्तीत जास्त किती, हे दिसतं. आता तिथले भाव डॉलर-युरोतले आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाचे. त्यातून टपाल वजा करा, वाटेत फुटण्याची धास्ती वजा करा, साइटची दलाली वजा करा, मग पारोळ्यात हातात काय पडतं ते कळेल.

‘शोले’बद्दलच सांगतो. १९७५ चा सिनेमा, रेकॉर्ड पॉलिडॉरची. गाण्यांपेक्षा संवादांची रेकॉर्ड जास्त गाजली. खान्देशातली एक जत्रा नसेल जिथे गब्बर कर्ण्यातून बोलला नाही. सांगायचं एवढंच की ती ढिगाने छापली गेली आणि ढिगाने शिल्लक आहे. जी वस्तू घरोघरी होती तिला भाव येतो तो फक्त ती कोरी-करकरीत असेल तर. उलट जो सिनेमा आठवड्यात उतरला, ज्याची रेकॉर्ड कोणी घेतली नाही, तिच्या मागे आज माणसं फिरतात. जुनी म्हणून महाग, हे भांड्याकुंड्यांना चालत असेल, रेकॉर्डीला नाही.

आता वाईट बातमी. लाऊडस्पीकरवाल्याचा माल म्हटला की आम्ही जमवणारे मनातल्या मनात आधीच निम्मा भाव कापतो. का ते सांगतो, म्हणजे व्यापारी तुम्हाला बनवतोय की खरं बोलतोय हे तुमचं तुम्हाला कळेल.

ती जाड रेकॉर्ड, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे वाली, लाखेची असते. लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असते आणि ती मुद्दाम. पोलादी पिन सुरुवातीच्या काही फेऱ्यांत त्या भुकटीवर घासून खाचेच्या मापाची व्हायची. म्हणून पिन एका बाजूला एकदाच वापरायची असा नियम होता. आता लग्नात हळदीपासून विहिणीच्या पंगतीपर्यंत रेकॉर्डी बदलत बसलेला माणूस दर गाण्याला पिन बदलणार आहे का? बदलत नव्हते. घासून छिन्नी झालेली पिन मग खाच खरवडते. वरून खळ्यातली धूळ.

एलपीचं दुखणं वेगळं. तिची खाच बारीक. ७८ ची सुई साधारण ७५ मायक्रॉनची, एलपीची जुन्या मोनो काळात २५ आणि स्टिरिओत त्याहून बारीक. आपल्याकडच्या प्लेअरांना एकाच डोक्याला दोन सुया असायच्या, खटका फिरवला की दुसरी खाली. रात्री मांडवात, अर्ध्या उजेडात, चुकीची सुई एलपीवर टेकली की काम झालं. मग खाच राखाडी दिसते. तिरक्या उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली धरून बघा: काळी आणि ओल्यासारखी चमकणारी असेल तर बरी, धुरकट राखाडी असेल तर संपलेली. वरवरचे केसाएवढे ओरखडे चालतात, नखाला लागतात ते चालत नाहीत.

नंबर हवेत मला. लेबलवर छापलेला, आणि गाणं संपल्यावर लेबलाभोवती जी मोकळी पट्टी असते तिथे कोरलेला. दोन्ही. जाड रेकॉर्डींत एचएमव्हीच्या सिनेमाच्या गाण्यांना ‘एन’ लागतो, कोलंबियाला ‘जीई’, ट्विन कंपनीला ‘एफटी’. एक ‘यंग इंडिया’ नावाची मुंबईची कंपनी होती, तिच्या वेगळ्या काढा. एलपीत ओडियनच्या सिनेमांना ‘एमओसीई’, एचएमव्हीला ‘ईसीएलपी’ वगैरे. त्या छोट्या, सात इंचीत काही ४५ च्या वेगाच्या, आणि काही ‘सुपर सेव्हन’ म्हणून ३३ वर चालणाऱ्या, ‘७एलपीई’ नंबरच्या.

आणि जाड रेकॉर्डींत सगळ्यात जुन्या आधी शोधू नका, सगळ्यात शेवटच्या शोधा. बाहेरच्या देशांनी ७८ सोडून दिल्या तरी आपल्याकडे वीज नसलेल्या गावांत चावीचा ग्रामोफोन चालू होता, म्हणून कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात साठच्या दशकात त्या निघतच राहिल्या. बीटल्ससुद्धा इथे ७८ वर निघाले, आणि त्या तबकड्यांच्या मागे आज जगभरचे लोक आहेत. आण्णांकडे बीटल्स निघणार नाहीत, पण हिशोब तोच. साठच्या दशकाच्या मध्यानंतरच्या हिंदी सिनेमांच्या ७८ कमी निघाल्या, म्हणून कमी सापडतात. अपवाद एकच. एका बाजूला गाणं आणि दुसरी बाजू सपाट अशी निघाली, किंवा लेबलवर एचएमव्हीच्या कुत्र्याऐवजी पंखवाला देवदूत दिसला, तर ती कापडात गुंडाळा आणि मला कळवा. भारतातलं व्यापारी रेकॉर्डिंग १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं, गौहर जान त्या पहिल्या काही गायिकांपैकी. तेव्हाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या. त्या काळातलं काही खान्देशात निघणं अवघड, पण आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतून काय निघेल सांगता येत नाही. बालगंधर्व लहानपणी जळगावात गाणं शिकले. नाटकाचं वेड होतं इथे, घरोघर त्यांच्या तबकड्याही होत्या.

आजपासून करायचं ते एवढंच. सगळ्या उभ्या ठेवा, आडवी थप्पी लावू नका. पत्र्याखालच्या आधी आत आणा. आपला वैशाख तुम्हाला सांगायला नको, हवाच पंचेचाळिशीला टेकते, पत्र्याखाली तर एलपीचं प्लॅस्टिक मऊच पडतं. धाब्याच्या मातीने वाचवल्या तुमच्या बाकीच्या. जाड रेकॉर्डीला स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर, काहीही अल्कोहोलचं लावू नका. लाख विरघळते, गाणं पुसलं जातं. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते डिस्टिल्ड पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ फडकं, खाचेच्या दिशेने. लेबल कोरडं ठेवायचं. वाळवायला उन्हात ठेवलंत तर माझ्याशी बोलू नका.

पारोळ्याची_लेक

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. रविवारी मी आणि भाऊ अंगणात सतरंजी टाकून बसलो (सावलीत!) आणि सगळ्या बघितल्या.

तुम्ही म्हणता तशा राखाडी पुष्कळ आहेत. ‘शोले’ तर पांढुरकीच पडलीय. जाड रेकॉर्डींत ‘एन’ वाल्या जास्त, ‘जीई’ वीस-बावीस, ‘यंग इंडिया’ दोन, त्यातली एक तडकलेली. देवदूत नाही.

मंगलाष्टकांची एक आहे, ती तर आरपार घासलीय. ‘मानिनी’मधल्या ‘अरे संसार संसार’च्या दोन निघाल्या. आमच्याकडच्या लग्नात ते गाणं लागलं नाही असं व्हायचं नाही, बहिणाबाई आपल्या आसोद्याच्या ना. एक प्रत ऐकण्यापलीकडची आहे. दुसरी आण्णांनी जाड कागदात घालून, वर ‘हात लावू नये’ लिहून ठेवलेली. तिच्यावर ऑइलपेंट पण नाही.

एलपीत सिनेमाच्या बऱ्याच, पण दहा-बारा नुसत्या वाद्यांच्या आहेत: गिटार, अकॉर्डियन, सिनेमाच्या गाण्यांच्या चाली. भाऊ म्हणाला, आण्णा त्या पंगतीला लावायचे. वाढप्यांना ओरडता यावं म्हणून शब्दांचं गाणं नको असायचं. या कमी वाजल्यात, चमकतात.

कॅसेटींचं विचारलं नाहीत म्हणून सांगते. अर्ध्या टी-सीरिज वगैरेच्या विकतच्या. काही अहिराणी गाण्यांच्या, बसस्टँडवर विकायचे तशा, एकरंगी कव्हरच्या. आणि पंचवीस-तीस कोऱ्या कॅसेटींवर आण्णांनी स्वतः भरलेलं आहे. त्यांच्या अक्षरात लिहिलंय: ‘कानबाई, गल्लीतल्या बाया’, ‘अखाजी, झोक्यावरची’, ‘वहीगायन, पहाटपर्यंत’, असं. (कानबाई म्हणजे आपल्या खान्देशातली देवी, अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, वही म्हणजे आपल्याकडचं लोकगायन.) माईक त्यांचाच असायचा, त्याची वायर टेपला जोडून भरून घ्यायचे. या काही कोणी विकत घेणार नाही, पण टाकवत नाहीत. सीडींचं काय?

धुळेकर_ऑडिओ

सीडींचं मी सांगतो. आग्रा रोडला माझं कॅसेट-सीडीचं दुकान होतं, आता मोबाइलच्या ॲक्सेसरीज विकतो, त्यावरून समजून घ्या.

एमपीथ्री सीडी, ‘१५० हिट्स’ टाइप, शून्य. दुकानातून भरून आणलेल्या, खालून निळसर-हिरवट दिसणाऱ्या सीडी पण शून्य, आणि त्यातल्या अर्ध्या आता वाचल्याही जाणार नाहीत. त्यांचा रंगच उडतो. त्यात घरचं काही भरलेलं असेल, लग्नाचं वगैरे, तर आजच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

कंपनीच्या सीडींना हल्ली थोडी हालचाल आहे. मुलं पुन्हा विचारतात. पण बघायचं काय, तर नव्वदच्या आसपासच्या, एकाच सिनेमाच्या, आत पुस्तिका असलेल्या. काहींवर परदेशात तयार झाल्याची नोंद असते, त्या लोक आवडीने घेतात, कारण नंतरच्या काळात त्याच गाण्यांचा आवाज ताणून, खरखर काढण्याच्या नादात गाण्याचा जीवही काढून पुन्हा छापल्या गेल्या. सीडी म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट. हे माप १९८२ पासून तेच आहे. बदलतं ते कारखान्यात कोणी काय मिसळलं ते. म्हणून जुनी छपाई नवीपेक्षा चांगली वाजू शकते. दोन सिनेमे एकत्र असलेली सीडी स्वस्त. डबा फुटला असेल तर काळजी नाही, नवा मिळतो. पुस्तिका गेली तर अर्धी किंमत गेली.

सीडी उजेडाकडे धरून बघा. सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर वरचा ॲल्युमिनियमचा थर खाल्ला गेलाय. ओरखडा खालच्या बाजूला असेल तर पॉलिश होतो, वरच्या छापील बाजूला असेल तर नाही, कारण गाणं त्या बाजूला जवळ असतं. लोकांना हे उलटं वाटतं.

माझा अंदाज, तुमच्या भावाच्या सीडींत पाच-सात कामाच्या निघतील. लाऊडस्पीकरवाले सीडी पुस्तिकेसकट ठेवत नाहीत, पाकिटात कोंबतात.

पारोळ्याची_लेक

बरोबर! सगळ्या रेक्झिनच्या पाकिटात कोंबलेल्या आहेत. डबे वहिनीने केव्हाच टाकले.

भुसावळ_जंक्शन

ताई, आता क्रमाने बोलू.

जळगावचा व्यापारी चोर नाही. सरसकट नेणारा माणूस गाडीभाडं घालतो, धुतो, अर्धा माल फेकतो, आणि उरलेला महिनोन्‌महिने घेऊन बसतो. राखाडी पडलेल्या, ऑइलपेंटच्या, कव्हर वाळवीने खाल्लेल्या मालाला चार हजार हा बरा भाव आहे. पण तो चांगल्या-वाईटाची मोळी बांधून मागतोय, तिथे त्याचा फायदा. तुम्ही आधी वेचून काढा, मग उरलेलं त्याला दाखवा. तो तीन म्हणेल, द्या.

वेचायचं काय? वाद्यांच्या एलपी सगळ्या. तुम्ही ‘नुसत्या वाद्यांच्या’ लिहिलंत तिथे मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आपल्या लोकांनी या रेकॉर्डी कधी मनाने घेतल्या नाहीत, पंगतीला आणि हॉटेलात वाजवल्या. बाहेरचे लोक मात्र गेली पंधरा-वीस वर्षं हेच शोधतायत. चरणजित सिंग नावाचे मुंबईचे वादक, सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. १९८२ मध्ये त्यांनी सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, एचएमव्हीने एलपी काढली, कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये एका परदेशी कंपनीने ती पुन्हा छापली आणि जग वेडं झालं: म्हणे असलं संगीत अमेरिकेत निघायच्या आधी हा माणूस इथे वाजवून मोकळा झाला होता. मूळ छापील प्रत आता माझ्यासारख्याच्या पेन्शनच्या आवाक्यात नाही. तुमच्याकडे ती असेल असं म्हणत नाही. पण व्हॅन शिप्लीची इलेक्ट्रिक गिटार वगैरे असेल, तर प्रत्येकीचा दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि कव्हरचा वेगळा. एलपीत कव्हर म्हणजे निम्मा भाव. हल्ली रंगीत झेरॉक्सची कव्हरं घालून विकतात, तुमचं जुनं फाटकं का होईना, मूळ आहे. चिकटपट्टी लावून दुरुस्त करू नका.

दोन्ही ‘यंग इंडिया’ ठेवा, तडकलेलीसुद्धा. ‘जीई’ वाल्यांचे नंबर मला टाका. मुंबईत रेकॉर्ड जमवणाऱ्यांची एक संस्था आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, १९९० ची. ‘द रेकॉर्ड न्यूज’ नावाच्या त्यांच्या नियतकालिकाचे अंक चाळलेत तर नंबर कसे वाचायचे हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. एक व्यापारी तुम्हाला जे सांगेल ते त्याच्या सोयीचं असेल, पण दहा जमवणारे एकत्र बसले की एकमेकांना खोटं बोलू देत नाहीत.

‘अरे संसार संसार’ची न वाजवलेली प्रत विकू नका असं मी सांगणार नाही, तुमची वस्तू आहे. भाव सांगतो: बाजारात तिला फार मिळणार नाही. मराठी ७८ चे गिऱ्हाईक थोडे, ते सगळे एकमेकांना ओळखतात. १९६१ चा सिनेमा, वसंत पवारांची चाल, सुमन कल्याणपूरांचा आवाज, हे सगळं खरं, पण गाणं मोबाइलवर फुकट ऐकू येतं म्हटल्यावर तबकडीला पैसे मोजणारा माझ्यासारखा एखादाच. मी घेईन. पण मागत नाही.

ऑइलपेंटचं: जमवणाऱ्यांना ते नको असतं, लेबल खराब झालं म्हणतात, भाव पाडतात. मला उलट आवडतं. माझ्याकडे चाळीसगाव, वरणगाव, सावदा इथल्या लाऊडस्पीकरवाल्यांच्या नावांच्या रेकॉर्डी आहेत. कोणत्या गावात काय वाजत होतं, हे त्यावरून समजतं. थिनर लावून काढायला जाऊ नका, लेबल जाईल.

आता कॅसेटी. ‘कोणी विकत घेणार नाही’ हे तुमचं खरं आहे. याला भाव नाही कारण बाजारच नाही. पण तुमच्या त्या खोक्यांत आणि गोणीत दुसरीकडे कुठेच नसलेलं काही असेल तर ते हेच. बसस्टँडवरच्या अहिराणी कॅसेटीसुद्धा वेगळ्या ठेवा. छोट्या लोकांनी थोड्या थोड्या काढल्या, मास्टर कोणी जपले नाहीत, कंपन्या गेल्या. सिनेमाची गाणी सारेगामाकडे (म्हणजे जुन्या एचएमव्हीकडे) सुरक्षित आहेत. १९९० च्या आगेमागे तुमच्या गल्लीत कानबाईच्या रात्री कोणत्या बाया काय म्हणत होत्या, हे फक्त आण्णांच्या टेपवर आहे. त्यातल्या किती जणी आज आहेत ते तुम्हालाच माहीत.

म्हणून घाई करून लावू नका. आधी प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन कान तोडा, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. मग आत बघा, टेपच्या मागे एक छोटी नमद्याची गादी असते, ती पडली असेल तर आवाज दबका येतो. दुसऱ्या फालतू कॅसेटची काढून लावता येते. चार-पाच स्क्रूची कॅसेट उघडता येते, चिकटवलेली असेल तर फोडून टेप नव्या डब्यात घालावी लागते. पांढरी बुरशी दिसली तर ती प्लेअरमध्ये घालू नका, बाकीच्यांना लागेल. जुना टेपरेकॉर्डर बाहेर काढून लगेच सुरू करू नका. आतला रबरी पट्टा इतक्या वर्षांत डांबर झालेला असतो, टेप गुंडाळून घेतो. पट्टा बदला, हेड स्पिरिटने पुसा (इथे स्पिरिट चालतं), आधी एखादी निरुपयोगी कॅसेट लावून बघा. मग आण्णांची. पुढे-मागे पळवायची नाही, एकदाच सरळ वाजवायची आणि तेव्हाच कॉम्प्युटरवर उतरवायची, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, एमपीथ्री नको. आवाज घोगरा वाटला तर हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, तो केसभर फिरवला की उघडतो. ते मी करतो, तुम्ही हात लावू नका.

उतरवल्यावर एक प्रत जळगावच्या विद्यापीठाला विचारून बघा, बहिणाबाईंच्याच नावाचं आहे. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं लोकसंगीताचं ध्वनिसंग्रहालय आहे, १९८२ पासूनचं, तेही अशी जागेवर भरलेली ध्वनिमुद्रणं जपतात. मात्र नेटवर टाकण्याआधी त्या बायांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारा. कायद्याची भीती घालत नाही. छापील रेकॉर्डीचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, तो वेगळा विषय. पण देवीपुढे म्हटलेलं गाणं उद्या कोणाच्या रीलखाली वाजलं तर गल्लीत तुमच्या भावाला राहायचंय.

चोपडा_एक्सप्रेस

काका, मी माझा लाख मागे घेतो. 😄 पण एक सांगा, ताईंनी वाद्यांच्या एलपी कुठे विकायच्या? पुण्याच्या जुन्या बाजारात नेल्या तर?

भुसावळ_जंक्शन

जुन्या बाजारात घ्यायला जायचं असतं, विकायला नाही. मुंबईच्या चोरबाजारातही तेच. फोटो आणि नंबर आधी इथे येऊ द्या. आवाजाची पत प्रामाणिकपणे लिहिली तर घरबसल्या गिऱ्हाईक येतं. डिस्कॉग्जवर लोक ‘व्हीजी प्लस’ (चांगली), ‘नीअर मिंट’ (जवळपास कोरी) लिहितात. आपल्याकडच्या विक्रेत्याने ‘मिंट’ (कोरी) लिहिलं की मी दोन पायऱ्या खाली धरतो. ताईंनी एक पायरी खालचंच लिहावं, परत पाठवायची कटकट राहत नाही. आणि कुरिअरला देताना दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून मागे ठेवायची, नाहीतर धक्क्याने कव्हरची शिवण आतून फाटते.

पारोळ्याची_लेक

ठरलं काका. व्यापाऱ्याला फोन करून सांगितलं, आधी वेचतोय, उरलेलं दाखवू. तो हसला, म्हणाला कोणीतरी भेटलेलं दिसतंय. वहिनीलाही पटलं, कारण कॅसेटीत तिच्या सासूचा, म्हणजे आमच्या आईचा आवाज असेल हे तिच्या लक्षात आलं. आईला अखाजीची सगळी गाणी पाठ होती.

वाद्यांच्या अकरा एलपी आहेत, फोटो रात्री टाकते. घर पाडायला पुढच्या महिन्यात सुरुवात आहे. टेपरेकॉर्डर आहे, तुम्ही म्हणता तसा पट्ट्याचं डांबर झालंय. तुम्हाला येणं जमेल का? अमळनेरला भाऊ गाडी घेऊन येईल.

भुसावळ_जंक्शन

येतो. सुरत लाइनच्या गाडीने अमळनेरला उतरेन. पट्टे दोन-तीन मापांचे आणतो, टेपच्या मॉडेलचा फोटो टाका. जेवायला भरीत चालेल, पण त्याच हाताने कोणी रेकॉर्डीला शिवायचं नाही.

धुळेकर_ऑडिओ

ताई, विषय निघालाच आहे तर... आण्णांचा ॲम्प्लिफायर आणि कर्ण्यांची युनिटं कुठायत? व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचा असेल तर मला बघायचाय.

पारोळ्याची_लेक

व्हॉल्व्हचाच आहे, एक काच फुटलीय. कर्णे दोन मळ्यात आहेत, एकात चिमण्यांनी घर केलंय. दादा, तो विकायचा की नाही ते भाऊ ठरवेल, पण काकांबरोबर तुम्हीही या, धुळ्याहून लांब नाही.

धुळेकर_ऑडिओ

येतो. काकांचा वार कळवा फक्त.